दमेकऱ्याची चाल : फुप्फुसविकारातील औषध आणि श्रमक्षमता यांच्या संबंधाचा इतिहास

१

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हवेली तालुक्यात, लोणी काळभोर हे गाव आहे. देहूहून पंढरपुरास निघालेली तुकाराम महाराजांची पालखी पुण्यातील मुक्काम आटोपून पुढे निघाली की तिचा पुढचा मुक्काम याच गावी पडतो. वारकऱ्याच्या दृष्टीने लोणी म्हणजे दिवसभराच्या चालीनंतरचा विसावा. या गावाच्या पुढे थोड्याच अंतरावर थेऊरचा फाटा लागतो. मुळा-मुठेच्या काठी, थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे राजयक्ष्म्याने निवर्तले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. १७७० मध्ये कर्नाटकाची मोहीम चालू असतानाच प्रकृती ढासळल्यामुळे सैन्याची धुरा त्र्यंबकराव पेठे यांच्यावर सोपवून त्यांना परतावे लागले होते. घोड्यावरून कर्नाटकापर्यंत जाणाऱ्या पुरुषाचे जग दोन वर्षांच्या आत थेऊरच्या वाड्यापुरते आणि देवळापुरते उरले, असा या घटनेचा एक अर्थ आहे.

इतिहासकारांनी या मृत्यूचा विचार मराठी राज्याच्या दृष्टीने पुष्कळ केला आहे. परंतु त्यात रोगाच्या इतिहासाचाही एक प्रश्न दडलेला आहे. फुप्फुसाच्या दीर्घकालीन विकाराने ग्रासलेल्या मनुष्याने श्रम करावे की टाळावे? औषध त्याला पुन्हा चालते करू शकते काय? आणि करू शकत असेल, तर ते एकट्याच्या बळावर की आणखी कशाच्या साहाय्याने? हे प्रश्न आज वैद्यकात नित्याचे झाले असले, तरी ते या रूपात विचारले जाण्यास फार मोठा काळ जावा लागला. औषधाचा इतिहास आणि श्रमाचा इतिहास हे दोन प्रवाह दीर्घ काळ एकमेकांपासून अलग वाहत होते. ते एकत्र कसे आले, आणि एकत्र येऊनही मराठी मुलखातील रुग्णापर्यंत त्यांतील एकच का पोहोचला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रारंभी शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल, कारण रोगी आपले दुःख वैद्याकडे शब्दांतूनच नेतो. मराठीत श्वासाच्या त्रासासाठी दोन शब्दकुळे विशेष रूढ आहेत : एक ‘धाप’ आणि दुसरे ‘दम’. धाप लागणे, धापा टाकणे हे शब्दप्रयोग श्रमानंतरच्या वेगवान श्वासाचे ध्वनिचित्रच उभे करतात. ‘दम’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ श्वास असाच आहे, आणि ‘दमा’ हे रोगनामही तेथूनच आले. परंतु मराठीत रुजताना ‘दम’ने आपला अर्थविस्तार केला. दम धरणे म्हणजे धीर धरणे, दम खाणे म्हणजे थांबून विसावणे, एका दमात म्हणजे न थांबता, आणि दमदार म्हणजे कसदार व टिकाऊ. येथे श्वास आणि सहनशक्ती या दोन कल्पना एकाच शब्दात एकजीव झालेल्या दिसतात. ‘दमणे’ या क्रियापदाची व्युत्पत्ती संस्कृत ‘दम्’ धातूकडे नेली जाते, म्हणजे त्याचे कूळ निराळे आहे. तथापि बोलणाऱ्याच्या मनात ‘दमलो’ आणि ‘दम लागला’ यांच्यात भिंत उरलेली नाही. ‘दमछाक’ या शब्दात तर थकवा आणि श्वास वेगळे काढताच येत नाहीत.

भाषेने जे जोडले होते ते शास्त्राने मात्र दीर्घ काळ वेगळे ठेवले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात हिक्का आणि श्वास यांचे एकत्र विवेचन आहे. तेथे श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पाच प्रकार मानले आहेत. यांतील तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी पुष्कळ जुळते. आडवे पडल्यास त्रास वाढणे, बसल्याने बरे वाटणे, ढगाळ हवा व गारठा यांनी विकार बळावणे, ही लक्षणे तेथे सूक्ष्मपणे नोंदवलेली आहेत. उलट श्रमामुळे आणि रूक्ष आहारामुळे उद्भवणारा जो क्षुद्रश्वास, तो फारसा दुःखदायक नव्हे, असे म्हणून त्याची बोळवण झाली आहे. म्हणजे रोगाची तीव्रता रुग्णाच्या निजण्या-बसण्यावरून आणि ऋतूवरून ओळखली गेली. त्याच्या चालण्यावरून ती ओळखण्याची कल्पना पुढे आली नाही.

याहून उद्बोधक प्रमाण सुश्रुतसंहितेत आढळते. व्यायाम किती करावा याचे उत्तर देताना तेथे अर्ध्या शक्तीची मर्यादा सांगितली आहे, आणि ती मर्यादा ओळखण्याची खूण म्हणून श्वास तोंडावाटे वाहू लागणे हे लक्षण दिले आहे. श्रमाची मात्रा श्वासाने मोजावी, हा विचार अत्यंत मार्मिक आहे. परंतु त्याच प्रकरणात व्यायाम कोणी वर्ज्य करावा याची जी यादी आहे, तीत श्वास, कास आणि शोष यांनी पीडित असलेल्यांचा समावेश आहे. राजयक्ष्म्याच्या कारणांतही ‘साहस’, म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, यास प्रमुख स्थान आहे. जो श्रमाने रोगी झाला त्याने श्रम टाळावेत, ही उपपत्ती तर्कशुद्ध होती. माधवरावांच्या काळी वैद्यांच्या मनात हीच चौकट असणार, असे मानण्यास हरकत नाही. तिच्यामागे वैद्याचा निष्काळजीपणा नव्हता. जंतुजन्य क्षयाच्या तीव्र अवस्थेत, औषध हाती नसताना, विश्रांतीचा सल्ला हा सावधपणाचाच होता. प्रश्न उद्भवतो तो पुढे, औषध हाती आल्यानंतर.

३

औषधाच्या प्रवाहात भारतीय भूमीचा वाटा मोठा आहे. धोत्र्याचा धूर ओढून श्वासाचा वेग शमविण्याची पद्धती येथे प्रचलित होती. मद्रास येथील इंग्रज वैद्यकीय अधिकारी जेम्स अँडरसन यांच्याकडून ही माहिती जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यास मिळाली, आणि त्याने १८०२ मध्ये ती एडिंबरोस नेली. तेथून धोत्र्याचा हा उपाय युरोपभर पसरला, आणि दमेकऱ्यांसाठी धोत्र्याच्या विड्या विसाव्या शतकातही विकल्या जात होत्या. धोत्र्यातील व त्याच्या कुळातील वनस्पतींतील गुणकारी द्रव्य अॅट्रोपीन हे १८३० च्या दशकात शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आकुंचित करणारा मज्जातंतूंचा जो संदेश, तो हे द्रव्य अडविते. परंतु ते रक्तात मिसळल्यास तोंड कोरडे पडणे, नाडी जलद होणे, भ्रम होणे असे उपद्रव होतात. अॅट्रोपीनच्या रेणूत असा फेरफार करावयाचा की तो श्वासनलिकेतच काम करील व शरीरभर फार पसरणार नाही, हा रसायनशास्त्रज्ञांचा उद्योग १९७० च्या दशकात इप्रॅट्रोपियमच्या रूपाने फळास आला. २००२ मध्ये युरोपात आलेले टायोट्रोपियम हे त्याच वंशातील. त्याची एक मात्रा चोवीस तास पुरते. अडुळशाची कथाही अशीच आहे. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या धर्तीवर कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झीन १९६० च्या दशकात तयार झाले.

दुसरी औषधपरंपरा अॅड्रिनलीनपासून निघाली. ते १९०१ मध्ये शुद्ध रूपात मिळाले, आणि त्याच्या अनेक रूपांतरांनंतर १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल बाजारात आले. १९५६ मध्ये ठरावीक मात्रेचा फवारा देणारा लहानसा डबा प्रचारात आल्यामुळे औषध पोटात न जाता थेट श्वासमार्गात पोहोचण्याची सोय झाली होती. या सर्व संशोधनाचे यश ज्या मापाने मोजले गेले, ते माप मात्र निराळ्याच ठिकाणी जन्मले. १८४६ मध्ये लंडनचे वैद्य जॉन हचिन्सन यांनी श्वासमापक यंत्राचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यानंतर एका शतकाने, १९४७ मध्ये, फ्रान्समध्ये टिफनो व पिनेली यांनी पहिल्या सेकंदात जोराने बाहेर पडणाऱ्या हवेचे माप पुढे आणले. हे माप नेमके, पुन:पुन्हा घेता येण्याजोगे व यंत्रनिष्ठ होते, म्हणून ते सर्वमान्य झाले. परंतु ते मोजताना रुग्ण खुर्चीत बसलेला असतो. ज्या व्याधीचे मुख्य दुःख चालताना प्रकट होते, तिची परीक्षा बसवून घेतली जाऊ लागली.

४

श्रमाचा प्रवाह याच काळात क्षयाच्या आरोग्यधामांतून वाहत होता. जर्मनीत हेर्मान ब्रेमर यांनी १८५० च्या दशकात गोर्बर्सडॉर्फ येथे डोंगराळ हवेतील उपचार सुरू केले. तेथे रुग्णांना हळूहळू वाढत जाणारी चढण चालावयास लावीत. त्यांचेच एकेकाळचे रुग्ण पेटर डेटवायलर यांनी पुढे फाल्केनश्टाइन येथे याच्या उलट मार्ग स्वीकारला आणि रुग्णास व्हरांड्यातील खाटेवर दिवसचे दिवस पडून राहावयास लावले. इंग्लंडमध्ये फ्रिमली येथे १९०५ पासून मार्कस पॅटरसन यांनी पुन्हा श्रमाचा पुरस्कार केला. प्रथम चालणे, मग टोपली वाहणे, मग फावड्याने माती काढणे अशा चढत्या पायऱ्या त्यांनी आखल्या होत्या. श्रम हे औषधाप्रमाणे मात्रेने द्यावे, हा विचार येथे प्रथमच पद्धतशीरपणे अमलात आला. परंतु एकंदर शतकाच्या पूर्वार्धावर सत्ता राहिली ती विश्रांतीची. छातीत हवा भरून रोगी फुप्फुस मिटवून ठेवण्याची शस्त्रक्रियाही ‘फुप्फुसाला विश्रांती’ याच तत्त्वावर उभी होती. महाराष्ट्रात मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय आणि पाचगणीचे बेल-एअर या संस्थांनी असंख्य रुग्णांना आधार दिला. त्या पिढीच्या मराठी मनात ‘छातीचा रोग म्हणजे खाट, दूध-अंडी आणि कोरडी हवा’ हे समीकरण याच काळात घट्ट बसले.

हे समीकरण तपासून पाहण्याचे कार्य भारतातच झाले, ही अभिमानाची गोष्ट होय. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयोपचाराचे संशोधनकेंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. दाट वस्तीत राहणाऱ्या गरीब क्षयरुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्यात आले. एकास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास घरीच राहू दिले, आणि दोघांनाही एक वर्ष आयसोनियाझिड व पीएएस ही एकच औषधे दिली. घरच्या गटातील रुग्णांचा आहार निकृष्ट होता, जागा अपुरी होती, विश्रांती कमी होती, आणि अनेकांना कामावर जावे लागत होते. तरीही १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांची प्रगती जवळजवळ सारखी असल्याचे दिसून आले. पुढील पाहणीत घरातील माणसांना संसर्गाचा धोकाही अधिक असल्याचे आढळले नाही. औषध परिणामकारक असेल तर खाटेची सक्ती निरर्थक आहे, एवढे या प्रयोगाने सिद्ध केले. आरोग्यधामांचे युग त्यानंतर मावळत गेले.

तथापि मद्रासच्या प्रयोगाने जे सिद्ध केले त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. श्रम अपाय करीत नाहीत, हे त्यातून कळले. श्रम उपायही होऊ शकतात काय, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. शिवाय क्षयाचे जंतू नाहीसे झाले तरी फुप्फुसावरचे व्रण राहतात. बरा झालेला रुग्ण जिना चढताना धापा टाकतो, त्याला ‘क्षय बरा झाला’ एवढेच सांगून वाट दाखविली जाते. या क्षयोत्तर फुप्फुसविकारावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश येथे भरली ती २०१९ मध्ये, म्हणजे मद्रासच्या निष्कर्षांनंतर साठ वर्षांनी.

५

१९५९ हे वर्ष आणखी दोन कारणांनी स्मरणीय आहे. लंडनमध्ये १९५८ साली भरलेल्या एका परिसंवादाचा अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि दीर्घकालीन श्वासनलिकादाह व वातस्फीती यांच्या व्याख्या निश्चित झाल्या. या दोन विकारांना पोटात घेऊन पुढे जी व्यापक संज्ञा रूढ झाली, ती डॉक्टर सीओपीडी या आद्याक्षरांनी वापरतात. श्वासमार्ग कायमचा अरुंद होणे व औषधाने तो पूर्ववत न होणे हे तिचे मुख्य लक्षण. पश्चिमेकडे तिचे कारण म्हणून सिगारेटकडे बोट दाखविले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच वर्षी दिल्लीच्या डॉ. शि. पद्मावती आणि पाठक यांनी एक निराळीच वस्तुस्थिती पुढे मांडली. फुप्फुसाच्या दीर्घ विकारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ते निकामी होऊ लागलेल्या रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला. धूम्रपान फारसे न करणाऱ्या स्त्रियांत हा विकार पुरुषांइतकाच आढळतो आणि तो त्यांना लहान वयात गाठतो, असे त्यांना दिसून आले. लहानपणापासून चुलीच्या धुरात जाणारे आयुष्य हे त्याचे संभाव्य कारण म्हणून त्यांनी सुचविले.

हा धागा पुण्याच्या परिसरात पुढे नेला गेला. शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकार्य १९७० च्या दशकापासून चालू आहे, आणि २००२ पासून तेथील २२ गावांतील लोकसंख्येच्या आरोग्याची सलग नोंद ठेवली जात आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी याच ग्रामीण परिसरात श्वासमापन केले. सीओपीडी असलेल्यांत कधीही धूम्रपान न केलेल्यांचा भरणा मोठा असल्याचे त्यातून दिसून आले. या संस्थेचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीवर जो लेख लिहिला, त्याने या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले. १९९० मध्ये भारतात सीओपीडीचे रुग्ण सुमारे २.८१ कोटी होते, ते २०१६ मध्ये सुमारे ५.५३ कोटी झाले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या रुग्णाची श्रमक्षमता पुन्हा मिळवावयाची आहे, तो केवळ विडी ओढणारा वृद्ध पुरुष नव्हे. पाणी भरणारी, खुरपणी करणारी, चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणारी स्त्रीही तो आहे. तिच्या बाबतीत श्रमक्षमता म्हणजे मैदानावरील पराक्रम नव्हे. विहिरीपासून घरापर्यंतचे अंतर न थांबता काटता येणे हीच तिची श्रमक्षमता.

६

रुग्णाच्या चालीस माप मिळाले ते हळूहळू. १९५० च्या दशकात ब्रिटनमधील चार्ल्स फ्लेचर यांनी कोळशाच्या खाणीतील कामगारांची पाहणी करताना धापेच्या पायऱ्या ठरविल्या. समवयस्कांबरोबर सपाटीवर चालता येते की मागे पडावे लागते, थोड्या अंतरावर थांबावे लागते की घराबाहेरही पडवत नाही, असे ते प्रश्न होते. प्रथमच यंत्राऐवजी रुग्णाचे रोजचे जीवन हा मापदंड झाला. १९६८ मध्ये अमेरिकेत केनेथ कूपर यांनी सैनिकांसाठी बारा मिनिटांच्या धावेची कसोटी प्रसिद्ध केली. १९७६ मध्ये मॅकगॅव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फुप्फुसरुग्णांसाठी बारा मिनिटांच्या चालीत बदलली, आणि १९८२ मध्ये सहा मिनिटेही पुरेशी होतात असे दाखविण्यात आले. आज सर्वत्र वापरली जाते ती हीच सहा मिनिटांची चाल. तीस मीटर लांबीचा एक सपाट व्हरांडा, एक घड्याळ आणि अंतराच्या खुणा एवढीच तिची सामग्री. रुग्णाने आपल्या गतीने चालावे, दम लागल्यास थांबावे, पुन्हा चालावे, आणि शेवटी अंतर मोजावे.

माप मिळाले, तसा श्रमाच्या उपयोगाचाही शोध लागत होता. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्व्हन बॅराक यांनी प्राणवायूच्या साहाय्याने वातस्फीतीच्या रुग्णास व्यायाम देण्याचे सुचविले, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९६४ मध्ये पीअर्स व सहकाऱ्यांनी काही रुग्णांना चालण्याचा सराव देऊन पाहिला. सरावानंतर तेच श्रम करताना त्यांची नाडी कमी वेगाने चालू लागली व प्राणवायू कमी लागू लागला. मात्र श्वासमापकावरील आकडे जागचे हलले नाहीत. या निरीक्षणाचा अर्थ लागण्यास आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली. फुप्फुस सुधारले नसताना रुग्ण सुधारतो, हे कसे? १९९१ मध्ये रिचर्ड कॅसाबुरी व सहकाऱ्यांनी दाखविले की योग्य तीव्रतेचा सराव केलेल्या रुग्णांच्या रक्तात, तेवढ्याच श्रमाला, लॅक्टिक आम्ल कमी साचते. याचा अर्थ सुधारणा फुप्फुसात नव्हे, तर पायांच्या स्नायूंत होते. धाप लागते म्हणून मनुष्य बसतो. बसल्याने स्नायू झिजतात. झिजलेले स्नायू थोड्याच श्रमाने आम्ल निर्माण करतात, आणि ते आम्ल श्वासाचा वेग आणखी वाढविते. विश्रांतीने धाप तेवढ्यापुरती शमते खरी, पण दीर्घकाळात तीच तिला पोसते.

७

आता औषधाचे काय, हा प्रश्न उरतो. श्वासनलिका रुंद करणाऱ्या औषधाने पहिल्या सेकंदातील हवेचे माप सीओपीडीत थोडेच वाढते. यावरून काहींनी अशी औषधे जवळजवळ निरुपयोगी ठरविली होती. कॅनडातील डेनिस ओडॉनेल व इतरांच्या संशोधनाने या गैरसमजाचे मूळ उघड केले. अरुंद नलिकांतून हवा बाहेर पडण्यास वेळ लागतो. स्वस्थ बसले असता तो वेळ मिळतो. चालू लागताच श्वासाचा वेग वाढतो, मागचा श्वास पुरता बाहेर पडण्याआधीच पुढचा आत येतो, आणि छातीत हवा साठत जाते. फुगलेल्या भात्याला आणखी फुगविण्यासारखी ती अवस्था असते. रुग्णाला श्वास ‘घेता येत नाही’ असे वाटते, परंतु अडचण श्वास ‘सोडण्यात’ असते. औषध ही साठलेली हवा कमी करते, आणि पुढच्या श्वासाला जागा होते. हा लाभ बसल्या जागी क्वचितच दिसतो. तो दिसतो चालताना.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८७ रुग्णांना सहा आठवडे टायोट्रोपियम किंवा निर्गुण पूड देण्यात आली आणि ठरावीक भाराची स्थिर सायकल त्यांना चालवावयास लावली. औषध घेणाऱ्यांचा टिकाव दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी १०५ सेकंदांनी, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांनी, अधिक दिसला. हा लाभ खरा होता, पण मर्यादितही होता. २००५ मध्ये कॅसाबुरी व सहकाऱ्यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. दोन्ही गटांना आठ आठवडे फिरत्या पट्ट्यावर चालण्याचा सराव दिला. एका गटास टायोट्रोपियम दिले, दुसऱ्यास निर्गुण पूड. सरावापूर्वी दोन गटांत फारसा फरक नव्हता. सरावाच्या अखेरीस औषध घेणारा गट पाच मिनिटांहून अधिक काळ जास्त चालू शकला, आणि सराव संपल्यानंतर बारा आठवड्यांनीही हा फरक टिकून होता. औषधामुळे रुग्ण अधिक तीव्रतेने सराव करू शकला, आणि अधिक तीव्र सरावामुळे स्नायू सुधारले, अशी ही परस्परपूरकता आहे.

औषधाची मर्यादा २००८ च्या एका दीर्घ चाचणीने स्पष्ट केली. ५,९९३ रुग्णांना चार वर्षे पाहिल्यावर असे आढळले की टायोट्रोपियमने जीवनमान सुधारते व रोग बळावण्याचे प्रसंग कमी होतात, परंतु फुप्फुसाच्या ऱ्हासाचा वेग बदलत नाही. उलट, सरावासंबंधी २०१५ मध्ये झालेल्या समालोचनात ६५ चाचण्यांतील ३,८२२ रुग्णांचा विचार होता. पुनर्वसनाने सहा मिनिटांच्या चालीत सरासरी सुमारे ४४ मीटरांची भर पडते, असे त्यात दिसले. रुग्णाला स्वतःला जाणवणारा फरक सुमारे ३० मीटरांपासून सुरू होतो, असे मानले जाते. हे प्रमाण इतके निःसंदिग्ध ठरले की सरावाची तुलना नेहमीच्या उपचाराशी करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज उरलेली नाही, असा अभिप्राय समालोचकांनी दिला.

तात्पर्य, औषध श्वासाची वाट मोकळी करते, परंतु ती वाट चालून जाण्याचे बळ औषधात नाही. ते चालण्यानेच येते. आणि वाट मोकळी नसेल तर चालणेही लवकर खुंटते.

८

ही गोष्ट शास्त्रात सिद्ध होऊनही समाजात उतरली नाही, याचे कारण केवळ साधनांचा अभाव हे नव्हे. पुनर्वसनाची व्यवस्था मोठ्या शहरांतील थोड्या रुग्णालयांपुरती आहे हे खरे. परंतु चालीच्या कसोटीस तीस मीटरांचा सपाट व्हरांडा पुरतो. अडसर काही अंशी शब्दांतही आहे. मराठीत दमा, सीओपीडी, क्षयोत्तर विकार या सर्वांना ‘दमा’ हा एकच शब्द पुरतो. खऱ्या दम्यात श्वासमार्ग औषधाने बहुधा पूर्ववत होतो. त्यामुळे ‘दम्याचे औषध घेतले म्हणजे झाले’ अशी अपेक्षा इतर दोन विकारांनाही चिकटते. औषधाने पूर्ण गुण न आल्यास रुग्ण औषधच सोडून देतो, आणि घरचे लोक प्रेमाने म्हणतात, ‘तुम्ही आता बसून राहा.’ हा प्रेमाचा सल्लाच पायांच्या स्नायूंचा ऱ्हास करीत असतो.

‘दमेकरी’ या शब्दाची घडणही विचार करण्याजोगी आहे. शेतकरी, माळकरी, वारकरी या शब्दांतील ‘करी’ प्रत्यय मनुष्याची ओळख त्याच्या नित्याच्या कर्मावरून ठरवितो. दमेकरी या शब्दात मात्र रोगच मनुष्याचे कर्म होऊन बसतो. ज्याने काही करावयाचे नाही, केवळ सोसावयाचे, असा तो ‘करी’ आहे. भाषा बदलल्याने रोग बरा होत नाही. तथापि वैद्याने धापेच्या रुग्णास ‘श्रम टाळा’ असे न सांगता ‘औषध घेऊन रोज इतके चाला, दम लागला की थांबा, पुन्हा चाला’ असे सांगितले, तर औषधाच्या चिठ्ठीत आणखी एका औषधाची भर पडेल. ही मात्राही वैद्यानेच ठरविली पाहिजे. हृदयविकार किंवा रक्तातील प्राणवायूची कमतरता असलेल्यांना ती तपासणीनंतरच देता येते. सुश्रुताने निरोगी मनुष्यासाठी सांगितलेली अर्ध्या शक्तीची व श्वासाच्या खुणेची कसोटी येथे नव्या अर्थाने उपयोगी पडते. आजच्या सरावातही श्रमाची तीव्रता रुग्णाला जाणवणाऱ्या धापेवरून ठरवितात. बदल झाला आहे तो एवढाच की वर्ज्य यादीत ज्याचे नाव होते, त्याचे नाव आता अधिकाऱ्यांच्या यादीत आले आहे.

माधवरावांच्या हाती यांतील कोणतेच साधन नव्हते. त्यांच्या रोगावर औषध निघण्यास पावणेदोनशे वर्षे जावी लागली. आज थेऊरच्या फाट्यावरून जाणाऱ्या दमेकऱ्याजवळ फवाऱ्याचा डबा असतो. त्या डब्याबरोबर चालीची मात्राही त्याला मिळणे अगत्याचे आहे. लोणीच्या मुक्कामी पोहोचणाऱ्या वारकऱ्याइतके अंतर त्याला कदाचित कधीच काटता येणार नाही. पण सहा मिनिटांत चाळीस मीटर अधिक चालता येणे म्हणजे घरापासून विहिरीपर्यंत, अंगणापासून देवळापर्यंत पुन्हा आपल्या पायांनी जाणे होय. वैद्यकाच्या इतिहासात हे अंतर फार उशिरा मोजले गेले. रुग्ण ते नेहमीच मोजत होता.